साडेसात हजारांचा सर्व्हर

सर्व्हर हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं? थंडगार एसी खोली, काळी कपाटं, लुकलुकणारे हिरवे दिवे आणि दारावर ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी. (मे महिन्यात आपल्यापैकी अनेकांना नेटवर्किंगची जी अचानक गोडी लागते, ती त्या एसीमुळेच.) पण नीट पाहिलं तर जे मशीन दिवसरात्र चालू राहतं आणि कुणी काही मागितलं की देतं, तो सर्व्हर. बाकी सगळा थाट. लायनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं तेसुद्धा एका साध्या ३८६ पीसीवर. पुढे २०१३ साली कर्नलच्या ३.८ या आवृत्तीतून त्याच ३८६ चा सपोर्ट काढून टाकण्यात आला, म्हणजे ज्या घरात जन्म झाला ते घरच पाडलं! हे मुद्दाम सांगतेय, कारण ‘लिनक्स काय, कुठल्याही भंगारावर चालतं’ हे वाक्य हॉस्टेलमध्ये आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. चालतं, पण त्याला हिशोब आहे. आणि तो हिशोब मला घरासाठी खरोखरच मांडावा लागला.

आमचं तासगावला फोटो स्टुडिओचं दुकान आहे. खाली स्टुडिओ, वर घर. बाबांनी डिजिटल कॅमेरा घेतल्यापासूनची सगळी लग्नं, मुंजी, बारशी, निरोपसमारंभ असं सगळं मिळून साडेतीन टेराबाइटच्या आसपास भरतं. हे सगळं होतं अकरा एक्स्टर्नल हार्डडिस्कवर. प्रत्येकीवर आईच्या अक्षरात चिकटपट्टी: ‘२०१४ मार्गशीर्ष ते वैशाख’. कपाटाच्या खणात साड्यांच्या घडीसारख्या एकावर एक ठेवलेल्या.

२०२४ च्या उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या एका गावातले एक गृहस्थ स्टुडिओत आले. त्यांचे वडील आदल्या आठवड्यात वारले होते. घरात वडिलांचा एकही धड फोटो नव्हता, कारण २०१९ च्या महापुरात अल्बम, भिंतीवरच्या फ्रेम, सगळंच गेलं होतं. पण २०१२ साली त्यांच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो बाबांनी काढले होते. त्यात फेटा बांधलेले वडील असणारच. “तुमच्याकडं असतीलच की,” असं ते म्हणाले. त्यांना ती खात्रीच होती. बाबांनी २०१२ ची डिस्क काढली, जोडली. टिक... टिक... टिक... एवढाच आवाज आला. डेटा परत काढून देणाऱ्या एका दुकानाने अडतीस हजार सांगितले, तेही ‘मिळेलच असं नाही’ या अटीवर. शेवटी एका पाहुण्याच्या मोबाइलमधला, तिसऱ्याच समारंभातला, मागे पंगत दिसणारा फोटो घेऊन बाबांनी दोन रात्री बसून तो साफ केला. फ्रेम करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून ती अकरा डिस्कची चळत बघितली की ते गप्प व्हायचे.

त्यामुळे घरी सर्व्हर बसवायचं मी बोलले तेव्हा बाबांनी प्रोसेसर कुठला, रॅम किती, असलं काही विचारलं नाही. ते म्हणाले, “हे बंद पडलं आणि तू हॉस्टेलवर असलीस, तर मी काय करू गं?” आम्ही रिलायबिलिटी शिकतो ती एमटीबीएफच्या सूत्रांतून, एक्स्पोनेन्शियल डिस्ट्रिब्युशनमधून. बाबांचा प्रश्न त्याहून अवघड होता. मशीन बंद पडणारच आहे हे त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांना पुढचं हवं होतं. पुढे मी जे काही निवडलं ते सगळं या एका प्रश्नावर घासून निवडलं. बजेट चाळीस हजार, म्हणजे बाबांच्या भाषेत ‘एका मध्यम लग्नाची ऑर्डर’.

घरातलं सर्वांत पहिलं उमेदवार म्हणजे बाबांचं जुनं एडिटिंगचं मशीन. फुकट! पण मी एक प्लग-मीटर आणला होता. हे छोटंसं यंत्र सॉकेट आणि प्लगच्या मध्ये लावायचं, की किती वॅट जातायत ते दिसतं. ते मशीन काहीही न करता नुसतं बसलेलं असताना ९५ वॅट खात होतं. ९५ वॅट चोवीस तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला ६८ युनिट. हिशोबाला सोपं म्हणून युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला जवळजवळ सातशे. नंतर जे मशीन घेतलं ते दोन डिस्कसकट २७ वॅटवर बसतं, म्हणजे महिन्याला साधारण १९ युनिट. वर्षाचा फरक ५९५ युनिटांचा, सहा हजारांच्या घरात. म्हणजे फुकटचं मशीन दीड वर्षात विकतच्या मशीनपेक्षा महाग पडतं! माझ्या मते सर्व्हर घेणाऱ्याने कुठल्याही मशीनची किंमत विचारण्याआधी तो निवांत असताना किती वॅट खातो हे विचारावं, कारण घरचा सर्व्हर आयुष्यातला बहुतेक वेळ निवांतच असतो. आणि तुमचं मशीन फारच पुरातन, ३२-बिटवालं असेल तर विषयच संपला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्या मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही.

आमच्या वर्गात या विषयावर दोन पक्ष आहेत. एक रास्पबेरी पाय पक्ष. २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला पाय विकायला आला तेव्हा त्याची किंमत होती ३५ डॉलर, आणि ती दंतकथा अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. आज कामाचा पाय घ्यायचा तर बोर्ड, त्याचा पॉवर सप्लाय, केस, पंखा, एसडी कार्डावर भरवसा नको म्हणून एसएसडी जोडायची पट्टी, आणि माझ्या बाबतीत दोन मोठ्या डिस्कसाठी दोन यूएसबी डबे. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते पाय देत नाही, म्हणून प्रत्येक डब्याला आपापला अडॅप्टर. म्हणजे एका सर्व्हरमागे तीन अडॅप्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड, आणि झाडलोट करताना कुणाचा तरी पाय (हा मराठी पाय) त्यात अडकणार हे नक्की. शिवाय २०२१-२२ च्या चिप टंचाईत हे बोर्ड मूळ किमतीला मिळेनासे झाले होते. पाय उत्तम आहे, सेन्सर वाचायला, प्रोजेक्टला, घरातल्या जाहिराती अडवायला. साडेतीन टेराबाइट लग्नांसाठी नाही.

दुसरा पक्ष रॅक सर्व्हरवाल्यांचा. ‘अगं, पंधरा-वीस हजारांत दोन प्रोसेसरवाला खरा सर्व्हर मिळतो!’ मिळतो की. चालू केला की विमान उडाल्यासारखा आवाज येतो आणि रिकामा बसून दीडशे वॅट सहज खातो. आमच्या घरी सर्व्हरची जागा ठरली होती ती वरच्या खोलीत, आजीच्या पलंगापासून आठ फुटांवर. त्यामुळे या पक्षाचं डिपॉझिट जप्त झालं.

जुन्या लॅपटॉपचा विचार मात्र मी गंभीरपणे केला, आणि तुमच्यापैकी ज्यांचा डेटा एखाद्या टेराबाइटच्या आत आहे त्यांनी तोच करावा. दहा-बारा वॅट, स्वतःचा स्क्रीन आणि कीबोर्ड, आणि बॅटरी म्हणजे आयता यूपीएस! झाकण मिटलं की झोपू नये म्हणून लॉगइनडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘हँडललिडस्विच’पुढे ‘इग्नोर’ लिहायचं, काम झालं. मला तो दोन कारणांनी नको होता. आत एकच छोटी डिस्क बसते. आणि कायम चार्जिंगवर राहिलेली, फुगलेली बॅटरी मी आपल्याच विंगमध्ये दोनदा पाहिली आहे, टचपॅड वर उचलला गेलेला. माझ्या गैरहजेरीत आजीच्या उशाशी तो प्रयोग नको.

उरलं ते ऑफिसमधून निवृत्त झालेलं मशीन. यांची २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास पर्वणीच आली होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची हजारो धडधाकट मशीन कंपन्यांनी एकदम बाहेर काढली. लिनक्सला त्याचं काहीच सोयरसुतक नाही. चार कोअरचा आय-फाइव्ह ६५०० फोटो वाटायला आणि रात्री कॉपी करायला भरपूर झाला.

यात आकार तीन. एक लिटरभर मापाचा ‘मायक्रो’, मधला ‘एसएफएफ’, आणि ‘मिनी टॉवर’. मायक्रो दिसायला इतका गोड की उचलून दप्तरात घालावा, पण त्यात साडेतीन इंची डिस्क जात नाही. मी दोन डिस्कच्या जागा असलेला मिनी टॉवर घेतला. मोठ्या कंपन्यांच्या या मशीनमध्ये एक मेख असते: पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड यांचे कनेक्टर अनेकदा त्यांचे स्वतःचे असतात. म्हणजे पॉवर सप्लाय उडाला तर सांगलीतल्या दुकानातून साधा आणून बसवता येत नाही. मग बाबांच्या प्रश्नाचं काय?

त्याचं उत्तर मला किमतीतच सापडलं. मशीन साडेसात हजारांना मिळत होतं, आठ जीबी रॅम आणि छोट्या एसएसडीसकट. मग एकाऐवजी तंतोतंत सारखी दोन का घेऊ नयेत? एक चालवायला, एक कपाटात. पॉवर सप्लाय गेला, मदरबोर्ड गेला, पंखा गेला, काहीही गेलं, तरी कृती एकच: तीनही डिस्क काढा, दुसऱ्यात घाला, चालू करा. लिनक्स सुरू होताना हार्डवेअर स्वतः ओळखतो, आणि मशीन जुळं असल्यामुळे नेटवर्क कार्डाचं नावसुद्धा बदलत नाही. नवीन ब्रँडेड मशीन आणि तीन वर्षांची वॉरंटी यापेक्षा हे स्वस्त, आणि वॉरंटीवाला माणूस तासगावला यायला चार दिवस लावतो त्यापेक्षा जलद.

खरेदीला मी पुण्यातल्या एका जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याकडे गेले ते खिशात डेबियनची लाइव्ह पेनड्राइव्ह आणि दुसरी मेमटेस्टची घेऊन. दुकानदार आधी हसला. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या बाईकडे भाजीवाला बघतो, तसा बघत होता. मी झाकणं उघडून घेतली. कपॅसिटरची डोकी फुगलीत का, स्क्रूवर गंज आहे का (समुद्राकाठच्या ऑफिसातलं मशीन खाऱ्या हवेने आतून गंजलेलं असू शकतं), पंखा हाताने फिरवल्यावर घासतो का. मग बायोसमध्ये जाऊन बघितलं की जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलाय का. हे फार महत्त्वाचं! पासवर्ड असला की ‘लाइट गेल्यावर परत आली की आपोआप चालू हो’ ही सेटिंग बदलता येत नाही, आणि आमच्याकडे त्या सेटिंगशिवाय सर्व्हर म्हणजे शोभेची पेटी. सात मशीनपैकी दोनांना पासवर्ड होता, एकाच्या रॅममध्ये मेमटेस्टने लाल ओळी दाखवल्या. उरलेल्यांतून दोन निवडली. दुकानदार म्हणाला, “दोन्ही मिळून सव्वापंधरा करू.” आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना सव्वा, पाऊण, एकोणऐंशी असलं काही कानावर पडलं की आधी मनात इंग्रजी भाषांतर करावं लागतं. मी ते करत गप्प उभी राहिले, त्याला वाटलं ही घासाघीस आहे, आणि त्याने स्वतःच पंधरा केले. शिक्षणाचा असाही उपयोग! त्यानंतरच्या दोन महिन्यांत रॅमचे भाव जे चढले ते बघता, नुसत्या आतल्या रॅममुळेही तो सौदा बरा म्हणायचा.

मशीन जुनं चालेल, डिस्क जुनी अजिबात नाही. इथे मी एक रुपयाही वाचवला नाही. डिस्कच्या आत ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही असते. किती तास चालली, किती सेक्टर खराब होऊन बदलले, सगळं त्यात येतं. पण २०२५ च्या सुरुवातीलाच युरोपात वापरलेल्या डिस्क तासांचे आकडे पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. आणि नोंदवही खरी असली तरी ती सगळं सांगत नाही. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्क्यांहून अधिक, डिस्कच्या स्मार्टमधल्या चार मुख्य धोक्याच्या खुणा शून्यावरच होत्या. म्हणजे डॉक्टरांनी नाडी बघून ‘उत्तम’ म्हणावं आणि पेशंट दारातच कोसळावा. तेव्हा स्मार्टने वाईट म्हटलं तर डिस्क ताबडतोब बदला, चांगलं म्हटलं तर निर्धास्त होऊ नका.

दोन नव्या चार टेराबाइटच्या डिस्क, अकरा-अकरा हजारांच्या. घेताना सीएमआर आहे ना हे दुकानदाराला नव्हे, कंपनीच्या स्पेसिफिकेशन शीटला विचारलं. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलारू छपरासारखे एकावर एक चढलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून सतत लिहायला लागलं की ती रडकुंडीला येते. २०२० साली सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं बाहेर आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला होता.

आता दोन डिस्क म्हटल्यावर आपल्या शाखेतला कुणीही सांगेल, ‘रेड वन कर.’ मी रेड (म्हणजे आरएआयडी) केलं नाही, आणि यावर माझं मेसमध्ये भांडणही झालेलं आहे. रेड वनमध्ये दोन्ही डिस्कवर एकाच क्षणी एकच गोष्ट लिहिली जाते. डिस्क मेली तर वाचवतं. पण स्टुडिओतल्या मदतनिसाने चुकून ‘२०१६’ फोल्डर उडवला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी, अत्यंत विश्वासूपणे उडतो. आमच्या घरी डिस्क मरण्यापेक्षा माणूस चुकण्याची शक्यता जास्त आहे. म्हणून रोज रात्री दोन वाजता आरसिंक पहिल्या डिस्कवरून दुसरीवर कॉपी करतं आणि मागच्या तीस दिवसांची स्थिती जपून ठेवतं. न बदललेल्या फाइल्स हार्डलिंकने ठेवल्यामुळे जागा फारशी जात नाही. तोटा असा, की दिवसभरात पहिली डिस्क गेली तर त्या दिवसाचं काम जाईल. त्यावर बाबांनीच उपाय काढला: दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही. दोन्हीवर साधी ईएक्सटीफोर फाइल सिस्टीम आहे. कुठल्याही लिनक्सला लावली की उघडते. ईसीसी रॅम या मशीनला चालत नाही, याची मला थोडी रुखरुख आहे. ती कमी करायला प्रत्येक फोटो आत येतानाच त्याचा चेकसम लिहून ठेवला जातो आणि महिन्यातून एकदा सगळे पडताळले जातात. तिसरी प्रत जुन्यांतल्या सर्वांत नव्या, चार टेराबाइटच्या डिस्कवर, मिरजेला मामाकडे. दर महिन्याला मामा द्राक्षबागेच्या कामाला तासगावला येतो तेव्हा ती येते, भरते, जाते.

यूपीएस स्टुडिओतलाच, ६०० व्हीएचा. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर. २७ वॅटला कागदावर तीन तास. बॅटरी जुनी असल्याने प्रत्यक्षात पन्नास मिनिटं भरली. तेवढी पुष्कळ. यूएसबी केबलमधून यूपीएस सर्व्हरला लाइट गेल्याचं कळवतो आणि वीस मिनिटांत ती आली नाही तर सर्व्हर स्वतःच शांतपणे बंद होतो. मशीन जमिनीपासून दीड फुटावर ठेवलंय. खाली धूळ, वर छताची गरमी. मागच्या भोकांना बारीक जाळी लावली आहे, कारण आमच्याकडच्या पालींना पॉवर सप्लायची ऊब फार आवडते.

संक्रांतीच्या सुट्टीत परीक्षा घेतली. माझी नव्हे, बाबांची. मी सर्व्हरची वायर काढली आणि म्हटलं, “मेलं. मी हॉस्टेलवर आहे, आणि माझा फोन लागत नाही.” बाबांनी कपाटातलं दुसरं मशीन काढलं. आईने डिस्कवर ‘१’, ‘२’, ‘३’ अशा चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, आणि तेच आकडे मशीनच्या आत जागेजागी. चष्मा शोधण्यात गेलेला वेळ धरून बावीस मिनिटं. मग त्यांनी मोबाइलवर २०१७ मधलं आत्याचं लग्न उघडून बघितलं, फोटो मोठा केला, आणि म्हणाले, “इथं लाइट कमी पडलाय.”

प्लग-मीटर सध्या मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टर ऑफिसमध्ये माझ्या नावाने ठेवला आहे. घरच्या मशीनचे वॅट मोजायचे असतील त्यांनी रजिस्टरमध्ये सही करून न्यावा. मात्र त्याने खोलीतल्या चोरट्या इमर्शन रॉडचे वॅट मोजू नयेत. दीड हजारांच्या पुढे जातात, आणि रेक्टर मॅडमनाही आता मीटर वाचता येतो.